खिळा सापडला नाही

रिटायरमेंटला चौदा महिने उरले होते. पोस्टिंग पंजाबात, एका फील्ड हॉस्पिटलमध्ये. पण जे सांगतोय ते तिथे घडलं नाही. ते घडलं आपल्या बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याला, माझ्या ॲन्युअल लीव्हच्या अकराव्या दिवशी.

माझा ट्रेड नर्सिंग असिस्टंट. गावाकडे पुष्कळांना वाटतं की मी फौजेत कंपाउंडर होतो. तसं नाही. जखमी जवानाजवळ डॉक्टर पोचायच्या आधी जो पोचतो, तो नर्सिंग असिस्टंट. रक्त थांबवायचं, श्वास चालू ठेवायचा, काय झालंय ते ओळखायचं आणि माणूस डॉक्टरच्या टेबलापर्यंत जिवंत न्यायचा. त्यापुढचं काम साहेबांचं. चोवीस वर्षं मी हेच केलं.

लीव्हवर आलो की रूटीन ठरलेलं असायचं. परळी वैजनाथला रेल्वेतून उतरायचं, एसटीने धारूर, तिथून जीपने गाव. आमचं घर मेंढपाळाचं. वडील अजून शंभराच्या आसपास मेंढरं बाळगून होते. पहिले दोन दिवस झोप. तिसऱ्या दिवसापासून सकाळी वडिलांबरोबर डोंगराकडे, आणि परत आल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं बीपी तपासायचं. त्यासाठी एक कापडी पिशवी होती. तिच्यात स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, कात्री, थोडं गॉज आणि चिकटपट्टी. बस्स. औषधं मी देत नसे.

अकराव्या दिवशी मी मांजरसुंब्याला अक्काकडे गेलो. अक्का, घरच्यांची कौसी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या सासूबाईंचं बीपी बघायचं होतं. ते वाढलेलं निघालं. लोणचं बंद करा म्हणालो, तर म्हातारी म्हणाली, "मग जगून काय करू बाबा?" अक्का हसली. साडेअकराला तिने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "तुझ्या दाजींला देऊन ये. शेड बी बघशील. तुला यंतरं बघाया आवडतंय."

पिशवी खांद्यालाच होती. ती ठेवून जावी असं मनात आलं होतं. ठेवली नाही, कारण तिथूनच परस्पर धारूरची गाडी पकडायचा विचार होता.

बबन दाजी तेव्हा पन्नास वर्षांचे. अंगाने काटक, बोलायला कमी, कामाला वाघ. हायवेच्या कडेला ढाब्यांच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे लाकडी पॅलेट बनतात. पॅलेट म्हणजे कारखान्यात माल ज्याच्यावर रचतात ती फळ्यांची चौकट. शेडचे मालक रफिकभाई. स्वतः फळ्या कापायला उभे राहणारे मालक. हाताखाली नऊ माणसं.

पॅलेटला खिळे हातोडीने मारत नाहीत, गनने मारतात. कंप्रेसरची हवा नळीतून गनमध्ये येते. गनचं नाक फळीवर दाबायचं आणि ट्रिगर ओढायचा. अडीच इंची खिळा डोक्यापर्यंत लाकडात जातो. फौजेत गन म्हणजे तोफ, त्यामुळे हातात धरायच्या त्या वस्तूला सगळे गन म्हणत होते याची मला गंमत वाटली. गंमत तेवढ्यापुरतीच. मी पाच मिनिटं उभा राहून बघितलं. सगळ्यांची एकच पद्धत होती. ट्रिगर सतत दाबलेला आणि नाक फळीवर टेकवत जायचं. टेकवलं की खिळा सुटतो. काम दुप्पट वेगाने होतं. आम्हाला रायफलच्या पहिल्या तासाला शिकवतात की निशाण्यावर नजर जाईपर्यंत बोट ट्रिगरवर जाता कामा नये. मी हे दाजींना म्हणालोही. ते म्हणाले, "फौजी, तुमची गोळी माणसाला असती. आमचा खिळा फळीला."

मी म्हणालो, "डबा आणलाय."

"पाच मिंटं. येवढं पॅलेट उलटवतो."

डाव्या हाताने त्यांनी पॅलेटची कड उचलली. उजव्या हातात गन, ट्रिगर दाबलेला. हवेची नळी पॅलेटच्या पायाखाली अडकली होती. त्यांनी हिसका दिला. नळी एकदम सुटली आणि गन त्यांच्या छातीवर आली. एक आवाज झाला. आधीच्या शेकडो आवाजांसारखाच. शेडमधल्या कुणी मान वळवली नाही. मी घड्याळ बघितलं. ही सवय आहे. अकरा बेचाळीस.

दाजींनी गन खाली ठेवली आणि छाती चोळली.

"काय झालं?"

"काय न्हाई. गन लागली. खिळा घासून गेला बघा."

"बसा."

"आहो काय न्हाई."

"बसा दाजी. शर्ट काढा."

"हितं? कावून? माणसं बघायलीत."

मी कात्री काढली आणि शर्ट समोरून वरपर्यंत कापला. बाह्याही कापल्या. दाजी मला शिव्या देत होते, पण बसून. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला, दोन बोटं अंतरावर, ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती. रक्त दोन थेंब. मी त्यांना वळवून पाठ बघितली. दोन्ही बगला बघितल्या, मान बघितली, पोट बघितलं. बाकी काहीच नव्हतं.

एव्हाना रफिकभाई आले. जखम बघून त्यांना हायसं वाटलं. "हळद लाव बे कुणीतरी," ते म्हणाले. "बबन, चहा घे. आज बस जरा."

मी विचारलं, "खिळा कुठंय?"

"म्हंजी?"

"गनमधून एक खिळा सुटला. तो कुठंय?"

शेडमध्ये दांडीला लावलेलं मोठं चुंबक असतं, सांडलेले खिळे गोळा करायला. एका गड्याने ते दाजी उभे होते त्या जागेवरून फिरवलं. पंधरा-वीस खिळे निघाले. सगळे वाकडे, गंजलेले, जुने. नवा चकचकीत एकही नाही. मग पॅलेट उलटं करून बघितलं. त्याच्या फळ्यांतही वेडावाकडा घुसलेला खिळा नव्हता.

ज्यांच्या हाती अशी यंत्रं आहेत त्यांच्यासाठी हे जरा सावकाश सांगतो. घासून गेलेल्या खिळ्याची रेघ उठते. इथे रेघ नव्हती, गोल भोक होतं. कापलेल्या शर्टाचं भोक मी उजेडात धरलं, तर दोरे आतल्या बाजूला वळलेले. बाहेर रक्त नाही याचा अर्थ जखम लहान आहे असा होत नाही. वडील मेंढीच्या पायातला बाभळीचा काटा असाच शोधतात. वर ठिपका दिसतो आणि काटा आत बोटभर असतो. खिळा सापडला नाही, म्हणजे तो दाजींच्या छातीत होता. आणि त्या जागेच्या मागे काळीज असतं.

चुंबक धरलेला गडी म्हणाला, "मग हे छातीला लावून बघू का?" तो चेष्टा करत नव्हता. खरंच मदत करत होता.

"नको. कुणी हात लावायचा नाही. बोट घालायचं नाही, चिमटा घालायचा नाही. हळद नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही."

"पाणी कावून न्हाई?" दाजी म्हणाले.

"ऑपरेशन लागेल."

यावर दाजी हसले. इतर कुणी हसलं नाही.

अकरा शेहेचाळीसला मी पहिलं रीडिंग घेतलं. नाडी ब्याण्णव. बीपी एकशे चोवीस, ऐंशी. दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जात होती. जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून चिकटपट्टी लावली. रफिकभाईंनी 108 ला फोन लावला. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. "अर्धा घंटा म्हणायलेत," ते म्हणाले.

दुसरं रीडिंग अकरा चोपन्नला. नाडी एकशे आठ. बीपी एकशे आठ, चौऱ्याऐंशी.

हे आकडे वेगवेगळे बघितले तर कुणीही म्हणेल, ठीक आहे. मला ते ठीक वाटले नाहीत. वरचा आकडा उतरला होता आणि खालचा चढला होता. दोघे एकमेकांकडे सरकत होते. मी दाजींच्या मानेकडे बघितलं. बसलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा फुगत नाहीत. त्यांच्या करंगळीएवढ्या फुगल्या होत्या. स्टेथोस्कोप लावला. सकाळीच मी त्यांच्या आईचं काळीज ऐकलं होतं, स्पष्ट. दाजींचं लांबून यायला लागलं होतं, शेजारच्या घरात कुणी काही कुटत असावं तसं.

काळजाभोवती एक पातळ पिशवी असते. काळजाला छिद्र पडलं की रक्त त्या पिशवीत साठतं. पिशवी ताणली जात नाही. मग ती काळजाला बाहेरून आवळते. याला टॅम्पोनाड म्हणतात. काळीज भरत नाही, म्हणून पुढे रक्त ढकलू शकत नाही. बाहेर थेंबभर रक्त न सांडता माणूस जातो. हे मला कॅडरमध्ये, म्हणजे फौजेच्या कोर्समध्ये, शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. प्रत्यक्ष बसलेल्या माणसात, हळूहळू होताना, मी पहिल्यांदा बघत होतो. आणि तो माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता. चूक असलो तर गावभर हसू होईल असंही क्षणभर मनात आलं. ते खरं आहे म्हणून लिहितो.

मी रफिकभाईंना बाजूला घेतलं.

"बीडला किती वेळ लागेल?"

"घाट धरून पंचवीस मिंटं. माझी पिकअप हाय."

"तुम्ही चालवा. खड्डा चुकवा, पण थांबू नका."

"इतकं हाय का, फौजीभाऊ?"

"आहे."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. किल्ली घेतली. कंप्रेसर बंद करायला सांगितलं. शेड शांत झाल्यावर पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की काहीतरी झालंय.

दाजी म्हणाले, "मी चालत येतो."

"नाही. आम्ही उचलणार."

चार गड्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पिकअपपर्यंत नेलं आणि केबिनमध्ये बसवलं. आडवं केलं नाही. आडवं केलं की त्यांना दम लागत होता. मी शेजारी, माझी बोटं त्यांच्या मनगटावर. अकरा अठ्ठावन्नला गाडी हलली.

रस्त्यात 108 चा फोन परत आला. त्यांचे डॉक्टर लाइनवर होते. फौजेत रिपोर्ट देताना आधी आकडे, मग मत. मी तसाच दिला.

"पुरुष, पन्नास. अकरा बेचाळीसला खिळ्याच्या गनने छातीत डावीकडून खिळा. बाहेर आलेला नाही. नाडी एकशे सोळा, बीपी शेवटचं एकशे आठ-चौऱ्याऐंशी. मानेच्या शिरा फुगल्या आहेत. हार्ट साउंड मंद. फुप्फुसं दोन्ही चालू. टॅम्पोनाडचा संशय. खासगी गाडीने बीड. वीस मिनिटं."

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"हवालदार भागवत, नर्सिंग असिस्टंट. लीव्हवर आहे."

"ठीक. सरकारी दवाखान्यात कळवतो. कॅज्युअल्टीच्या दारात या. खिळा काढायचा प्रयत्न केला आहे का?"

"नाही."

"करू नका."

"नाही, सर."

घाट लागला. रफिकभाई हॉर्नवर हात ठेवूनच चालवत होते. दाजी आतापर्यंत बोलत होते, हळूहळू कमी झाले. कपाळावर घाम आला, थंड.

"फौजी."

"बोला."

"छातीवर म्हैस बसल्यावानी वाटायलंय."

"आतमध्ये रक्त साठलंय. डॉक्टर काढतील."

"खरं सांगा, हाय का काही?"

"बीडपर्यंत आहे. पुढचं त्यांच्याकडे."

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोललो नाही याचं त्यांना बरं वाटलं असावं. थोड्या वेळाने म्हणाले, "कौसीला सांगितलं का?"

"अजून नाही."

"तिनं जेवल्यावर सांगा. आधी सांगितलं तर जेवायची न्हाई ती."

ते श्वास आत घेत तेव्हा माझ्या बोटाखालची नाडी जवळजवळ नाहीशी व्हायची आणि सोडला की परत यायची. याचाही अर्थ मला माहीत होता. मी त्यांना सांगितला नाही. ते विचारत नव्हते.

बारा चोवीसला दवाखान्याच्या दारात पोचलो. स्ट्रेचर बाहेर उभं होतं. सर्जन एक मॅडम होत्या, तिशीच्या आसपास. मी रिपोर्ट दिला. त्यांनी ऐकून घेतला, मधे एकदाही तोडला नाही. बीपी चौऱ्याहत्तर, अडुसष्ट. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र छातीला लावलं आणि स्क्रीन माझ्याकडेही वळवली. काळजाभोवती काळं कडं होतं. मधे काळीज, मुठीत धरल्यासारखं, फडफडत.

"बरोबर होतं तुमचं," मॅडम म्हणाल्या. मग सिस्टरला, "लांब सुई. आत्ता."

त्यांनी छातीच्या हाडाखालून सुई घातली. डोळे स्क्रीनवर, हात स्थिर. सिरिंज गडद रक्ताने भरत गेली. पन्नास मिली काढल्यावर मॉनिटरवरचा आकडा नव्वदवर आला. ऐंशी मिलीवर एकशे चार. दाजींनी डोळे उघडले आणि पहिला लांब श्वास घेतला.

"म्हैस उठली," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नंतर सांगतो."

पेटीसारख्या मशीनने खाटेवरच एक्स-रे काढला. त्यात खिळा दिसला. सरळ, पांढरा, आडवा. रफिकभाई दाराशी उभे राहून बघत होते. त्या शेडमध्ये रोज हजारो खिळे सुटत. एकाचाही फोटो त्यांनी असा बघितला नव्हता.

सुईने काळजाभोवतीचं रक्त निघतं, छिद्र बुजत नाही. छाती उघडून टाका घालावा लागतो. त्याची सोय छत्रपती संभाजीनगरला होती. मॅडमनी गणित मांडलं. "इथे कोसळले तर इथेच उघडीन. पण आत्ता स्थिर आहेत. नळी आत ठेवते. ॲम्ब्युलन्समध्ये एक डॉक्टर देते. तुम्ही येणार ना?"

"येणार."

"दर दहा मिनिटांनी बीपी. नव्वदच्या खाली आलं की नळीतून वीस मिली ओढायचं. आमचे डॉक्टर ओढतील, तुम्ही वेळ ठेवा."

"यस, मॅडम."

बारा अठ्ठावन्नला निघालो. सव्वादोन तासांच्या प्रवासात दोनदा बीपी उतरलं. दोनदा रक्त ओढलं. बरोबरचे डॉक्टर वयाने लहान होते, पण घाबरणारे नव्हते. आम्ही फार बोललो नाही. आकडे मी माझ्या तळहातावर बॉलपेनने लिहीत गेलो, कारण कागद शोधायला वेळ नव्हता. तिथल्या सर्जननी तळहात बघून तेच केस पेपरवर उतरवून घेतले.

तीन पस्तीसला ऑपरेशन सुरू झालं. सहा दहाला सर्जन बाहेर आले. खिळ्याचं टोक काळजाच्या उजव्या कप्प्यात गेलं होतं. खिळा आत राहिल्यामुळेच छिद्र बरंचसं बंद राहिलं होतं. शेडमध्ये कुणी तो ओढून काढला असता तर बीडचा घाट आला नसता, असं ते म्हणाले. दोन टाके घातले होते. पेशंट स्थिर होता.

अक्का सहाच्या आधीच पोचली होती. मी तिला दीड वाजता फोन केला होता. आधी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो, काय झालं. मग सांगितलं. सर्जनचं बोलणं ऐकून ती बाकावर बसली. मग म्हणाली, "सकाळी त्यांनी डबा इसरला न्हवता. मीच भाकरी उशिरा थापली, म्हून तुला धाडलं. लई आळस आलता." एवढंच. मग ती रडली. मी शेजारी बसून राहिलो.

लीव्ह वाढवून मागायला मी सीओ साहेबांना फोन केला. कारण विचारलं. सांगितलं. साहेब म्हणाले, "दस दिन ले लो. लिखके भेज दो." मी सात दिवसच घेतले.

खिळा दाजींना मिळाला नाही. पोलिसांनी पंचनाम्यात जप्त केला. त्याचं त्यांना आजही वाईट वाटतं. तो घरात भिंतीला ठोकून त्याच्यावर टोपी अडकवायची होती म्हणतात.

चार महिन्यांनी ते परत शेडमध्ये गेले. आता फळ्या मोजायचं आणि माल तपासायचं काम करतात. रफिकभाईंनी त्याच आठवड्यात सगळ्या गनचे ट्रिगर बदलून घेतले. आता प्रत्येक खिळ्याला नाक टेकवून मग ट्रिगर ओढावा लागतो. दाबून ठेवला तर सुटत नाही. काम थोडं हळू होतं. नळ्या छताला टांगल्या आहेत, पायात येत नाहीत. भिंतीवर एक पेटी आहे आणि तिच्यात मी लिहून दिलेलं सामान.

मी रिटायर होऊन आता तिसरं वर्ष आहे. महिन्यातून दोनदा कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपला जाऊन तासभर बोलतो. परळीच्या फॅब्रिकेशनच्या शेड, धारूरचे फर्निचरवाले, हायवेचे गॅरेजवाले. ग्राइंडरची चकती फुटून पोटात तुकडा गेलेला माणूस मला तिथेच भेटला. ड्रिलचा बिट तुटून मांडीत राहिलेला दुसरा. दोघांनाही पहिल्यांदा वाटलं होतं की नुसतं लागलंय. मी सांगतो ते थोडकं असतं. कपडे कापा, सगळीकडे बघा. जे सुटलं ते कुठे गेलं याचा शोध घ्या, आणि सापडलं नाही तर आत आहे असं धरा. रुतलेलं उपसू नका. माणूस बोलतोय म्हणून बरा आहे असं समजू नका, वेळ आणि नाडी लिहीत राहा. गडी चहा देतात. कुणीतरी हमखास विचारतं, तुम्हाला हे सुचलं कसं? मी म्हणतो, ट्रेनिंग.

ते पूर्ण उत्तर नाही. पूर्ण उत्तर नायक सुधाकरन आहे.

सुधाकरन माझा सीनियर. केरळचा, पालक्काडकडचा. माझी सर्व्हिस सहा वर्षांची होती, त्याची अकरा. आम्ही दोघे एका फॉरवर्ड पोस्टवर एड पोस्ट, म्हणजे जखमींना पट्टी करायची जागा, चालवत होतो. एका दुपारी मॉर्टरचं फायरिंग आलं. एक जवान खाली बंकरजवळ पडला म्हणून रेडिओवर आलं. सुधाकरन निघाला, मी मागे. दुसरा गोळा आमच्या पुढे पडला. धूर गेला तेव्हा तो बसलेला होता. मांडी फाटली होती, रक्त खूप.

मी रेडिओवर सांगितलं, "नायक सुधाकरन कॅज्युअल्टी. मांडी. होश में है. ओव्हर."

"इव्हॅक कर सकते हो? ओव्हर."

"बीस मिनट. ओव्हर."

मी मांडी आवळली. चांगली आवळली, रक्त थांबलं. तो म्हणाला, "ठीक हूँ, भागवत. उसको देख पहले." मी त्या दुसऱ्या जवानाकडे गेलो, त्याला पट्टी केली. परत आलो तेव्हा सुधाकरन बोलत नव्हता. स्ट्रेचरवरच त्याचा जीव गेला. एमओ साहेबांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, त्याचा कोट कापला तेव्हा डाव्या बगलेत छिद्र दिसलं. बोराच्या बीएवढं. जाड कोटावर रक्तसुद्धा आलं नव्हतं.

एमओ साहेब मला म्हणाले होते की आधी दिसलं असतं तरी त्या उंचीवर काही करता आलं नसतं. ते खोटं बोलणारे अधिकारी नव्हते. मी त्यांचं म्हणणं मानलं. पण त्या दिवसानंतर मी एकाही जखमी माणसाचे कपडे अंगावर ठेवून त्याला तपासलेलं नाही.

दरवर्षी त्या तारखेला मी त्याच्या बायकोला फोन करतो. तिचं नाव शोभना. गेल्या हिवाळ्यात दाजी म्हणाले, "फोन काय करायलाव? जाऊ की." मग गेलो, अक्का, दाजी आणि मी. परळीला रेल्वेत बसलो, दोनदा गाडी बदलली. नारळाच्या झाडांमधलं छोटं घर. सुधाकरनची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

पुढच्या खोलीत युनिफॉर्ममधला फोटो आहे. दाजी चपला काढून त्याच्यासमोर गेले. त्यांना हिंदी जेमतेम येतं आणि मल्याळमचा प्रश्नच नाही. ते आपल्या बोलीत बोलले.

"साहेब, मी बबन. बीडचा. यांचा दाजी. जेवतो-खातो, कामाला जातो. थोरलीचं लग्न झालं औंदा. येवढंच सांगाया आलतो."

शोभनाने मला विचारलं, "क्या बोले?"

मी सांगितलं. ती फोटोकडे बघत म्हणाली, "अच्छा है. बैठो सब. खाना ठंडा हो जाएगा."